डोंगर थांबलाय, असं तेव्हाही म्हणाले होते

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका वाडीवर दोन खुंट्यांमधलं अंतर मोजून आलो. टेप घेऊन गेलो, मोजलं, वहीत लिहिलं, खाली उतरलो. बातमी म्हणावी असं यात काही नाही. पण हा आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून ही मोठी पोस्ट लिहितोय. निवांत असाल तेव्हा वाचा.

आधी माझी चूक सांगतो. २०१९ च्या पावसाळ्यात याच वाडीवरून फोन आला होता. "दादा, घरामागच्या बांधाच्या वर जमिनीला भेग पडलीय, येऊन बघा." गेलो. चार बोटं आत जातील एवढी भेग होती, उताराला आडवी, पन्नासेक पावलं लांब. फोटो काढले, चांगली मोठी बातमी करून पाठवली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या. संबंधित कार्यालयातून माणूस आला, पाहणी झाली, कागद झाला. मग पाऊस थांबला, भेगही थांबली आणि मीही थांबलो. पुढची चार वर्षं मी त्या वाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. सकाळी टीव्हीवर ती दृश्यं बघताना मला आपल्या वाडीची भेग आठवली. त्या दिवसापासून डोंगर, खडक आणि खडकातलं पाणी यांविषयी मिळेल ते वाचत सुटलो. त्या वाचनात एक बाई भेटल्या. इटलीतल्या, माझ्यासारख्याच जिल्हा पातळीवरच्या पत्रकार. त्यांचं नाव टीना मेर्लिन. आज त्यांची आणि त्यांनी ज्याच्याविषयी लिहिलं त्या डोंगराची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट दूरची आहे, पण शेवटी आपल्याच बांधावर येते.

*

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या डोंगरात बेल्लूनो नावाचा भाग आहे. तिथं वायोंत नावाची छोटी नदी एका अतिशय अरुंद, खोल घळीतून वाहत येऊन पियावे या मोठ्या नदीला मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीला वीज हवी होती. 'सादे' या खासगी वीज कंपनीनं त्या घळीत धरण बांधायला घेतलं. उंची २६१ मीटरच्या वर. त्या काळातलं जगातलं सर्वांत उंच कमानी धरण. मुख्य अभियंता कार्लो सेमेन्झा, आपल्या कामात निष्णात माणूस. १९६० पर्यंत धरण उभं राहिलं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. ते धरण फुटलं नाही. आजही ते जागेवर उभं आहे, वरचा काठ थोडासा खरचटलाय एवढंच. सगळा घोळ धरणाच्या मागे, डाव्या हाताच्या डोंगरात होता.

त्या डोंगराचं नाव मोंते टोक. तिथल्या बोलीत या नावाचा संबंध कुजलेला, भिजून सडलेला अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात. एर्तो गावचे लोक त्याला चालणारा डोंगर म्हणायचे. त्यांची शेतं आणि कुरणं त्याच उतारावर होती. जमीन सरकते, भिंतींना तडे जातात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण गावकऱ्यांचं माहीत असणं अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न तिथंही होता आणि आपल्याकडंही आहे.

टीना मेर्लिन याच भागातल्या. १९२६ चा जन्म, घरची गरिबी. लहान वयात मिलान शहरात लोकांच्या घरी कामाला गेल्या. महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गटांसाठी निरोप पोचवायचं काम केलं. पुढं 'लुनिता' या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रासाठी बेल्लूनोतून बातम्या देऊ लागल्या. जमिनी जाणारे शेतकरी त्यांच्याकडं यायचे आणि त्या पायी त्यांच्या गावात जायच्या.

५ मे १९५९ ला त्यांचा एक लेख छापून आला. कंपनी लोकांच्या जमिनींवर दांडगाई करतेय आणि ज्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव होणार आहे तो भरवशाचा नाही, याची भीती एर्तोच्या लोकांना आहे, असा त्याचा आशय. यावर काय झालं असेल? बाईंवर खटला भरला. गुन्हा होता खोट्या बातम्या पसरवून जनतेत घबराट निर्माण केल्याचा.

हे वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या भेगेचा फोटो टाकला तेव्हा मलाही एक फोन आला होता. "अफवा पसरवू नका, लोक घाबरतात." कोणाचा फोन ते सोडा. शब्द मात्र तेच होते, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे.

मिलानच्या न्यायालयात खटला चालला. एर्तोचे शेतकरी साक्षीला गेले. ३० नोव्हेंबर १९६० ला न्यायालयानं टीनाबाईंना निर्दोष सोडलं, लेखात खोटं काही नाही म्हणून. त्याच्या सव्वीस दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, डोंगरानं स्वतःच साक्ष दिली होती. मोंते टोकचा सुमारे सात लाख घनमीटरचा तुकडा तुटून तलावात पडला होता. आणि वर, उतारावर, एक भेग उघडली होती. इंग्रजी एम अक्षराच्या आकाराची आणि जवळजवळ दोन किलोमीटर लांब.

*

आता खडकाचं बघू. हा भाग थोडा किचकट आहे, पण गोष्टीचं मर्म इथंच आहे.

मोंते टोकचा डोंगर चुनखडीच्या थरांचा. वहीची पानं एकावर एक असावीत तसे थर. पण ही वही आडवी ठेवलेली नव्हती. थरांचा आकार खुर्चीसारखा होता. वरच्या बाजूला पाठ, म्हणजे दरीकडं उतरणारे तीव्र थर, आणि खाली बसायची जागा, म्हणजे जवळजवळ सपाट झालेले थर. वरचा खडक खाली घसरायला बघणार आणि बैठकीवरचा खडक त्याला पायानं अडवून धरणार, अशी एकूण रचना. शिवाय चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत जाडीचे. दोनशे-अडीचशे मीटर जाडीचा डोंगर अशा बोटभर मातीवर टेकलेला होता.

यात पाणी काय करतं? आपल्याला वाटतं, पाण्यानं माती निसरडी होते, तेल घातल्यासारखी, आणि दरड येते. ते अर्धंच खरं आहे. खरी करामत वेगळीच आहे आणि ती तुम्ही सगळ्यांनी घरात पाहिलीय.

स्वयंपाकघराचा ओटा ओला आहे. त्यावर गरम आमटीची वाटी ठेवली. बुडाला कड असलेली वाटी. क्षणभरात ती आपली आपण सरकायला लागते. लहानपणी आपल्याला वाटायचं, भूत आहे. होतं असं की, बुडाखाली अडकलेली हवा तापते, फुगते, ओल्या कडेमुळं तिला बाहेर पडता येत नाही आणि ती वाटीला किंचित वर उचलून धरते. वाटीचं वजन तेवढंच असतं, पण ओट्यावर पडणारा तिचा दाब कमी होतो. दाब कमी म्हणजे घर्षण कमी. मग ओट्याचा नावाला असलेला उतारही पुरतो.

डोंगराच्या पोटात हवेच्या जागी पाणी असतं. खडकाच्या फटींत, थरांच्या मध्ये साठलेलं आणि दाबाखाली असलेलं. ते वरच्या खडकाचं काही वजन स्वतः पेलतं. खालच्या खडकावरचा भार तेवढा हलका होतो आणि दोन थरांची एकमेकांवरची पकड सुटत जाते. मातीच्या बाबतीत हा नियम कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात पक्का मांडला होता. मृदा यांत्रिकीचा जनक म्हणतात त्यांना. आपल्याकडच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो आजही शिकावा लागतो.

म्हणजे नियम माहीत होता. पण आख्ख्या डोंगराच्या खडकाला, त्यातल्या प्रत्येक फटीला तो कसा लावायचा, हे शास्त्र नुकतं रांगायला लागलं होतं. २ डिसेंबर १९५९ ला फ्रान्समध्ये मालपासे इथलं कमानी धरण फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. तिथंही धरणाच्या भिंतीत खोट नव्हती. डाव्या बाजूच्या खडकातल्या फटींमध्ये पाण्याचा दाब वाढला आणि धरण ज्याला टेकलं होतं तो खडकच सुटला. खडकाचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली ती १९६२ साली, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये. तिचे पहिले अध्यक्ष होते लिओपोल्ड म्युलर. आणि हेच म्युलर वायोंतच्या डोंगराचे सल्लागार होते. म्हणजे तिथं अडाणी माणसं बसली होती असं समजू नका. या विषयातली जगातली पहिल्या रांगेतली माणसं तिथं होती.

*

मग चुकलं कुठं?

मार्च १९५९ मध्ये जवळच्याच, त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका तलावात दरड कोसळली होती. लाट उठली, एक माणूस गेला. त्यामुळं वायोंतच्या डोंगराची तपासणी सुरू झाली. हे काम एका तरुण भूगर्भशास्त्रज्ञाकडं आलं. तो होता एदुआर्दो सेमेन्झा, मुख्य अभियंता कार्लो सेमेन्झांचा मुलगा. डोंगर पायी फिरून त्यानं ओळखलं की, हा उतार म्हणजे फार प्राचीन काळी सरकून थांबलेली एक प्रचंड दरड आहे आणि तलाव भरल्यावर ती पुन्हा सुटू शकते. जून १९६० मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं तसा अहवाल दिला. बापाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाखालची जमीन खरी नाही, हे पोरानं लिहून दिलं. त्या घरात तेव्हा काय बोलणं झालं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

पण त्याच्या उलट सांगणारे पुरावेही होते. १९५९ च्या अखेरीस भूकंप लहरींनी केलेल्या तपासणीत आतला खडक भक्कम दिसला होता. तीन ठिकाणी खोल छिद्रं पाडली, त्यांत घसरण्याची पातळी सापडली नाही, कारण छिद्रं तेवढ्या खोल पोचलीच नव्हती. नामवंत, वयोवृद्ध भूगर्भशास्त्रज्ञांना एवढी मोठी जुनी दरड असेल हे पटत नव्हतं. नोव्हेंबर १९६० मध्ये ती दोन किलोमीटरची भेग पडल्यावर तीच तपासणी पुन्हा केली. या वेळी तोच खडक खोलवर तुटलेला निघाला.

त्यानंतर कोणी झोपलं नाही, हे कबूल करायला हवं. तलावाची पातळी खाली आणली. दरडीनं तलावाचे दोन भाग झाले तरी पाणी जात राहावं म्हणून समोरच्या डोंगरातून बोगदा काढला. उतारावर खुणा रोवून त्या रोज किती सरकतात ते मोजायला लागले. खडकातलं पाणी मोजायला नळ्या बसवल्या. त्यातल्या तीन कामाच्या होत्या. दोन नळ्यांतलं पाणी तलावाबरोबर वरखाली व्हायचं. तिसरीत मात्र सुरुवातीला पाणी तलावापेक्षा बरंच वर दिसत होतं. याचा अर्थ डोंगराच्या पोटात तलावाचं नसलेलं, वेगळं, जास्त दाबाचं पाणी होतं. तो आकडा कोणाला नीट ऐकू आला नाही.

फेब्रुवारी १९६१ मध्ये म्युलरनी सरकणारा भाग वीस कोटी घनमीटरच्या आसपास असल्याचा अंदाज दिला. डोंगराच्या पोटात बोगदे काढून आतलं पाणी काढून घेण्याचा उपायही चर्चेत आला आणि मागं पडला. त्याच महिन्यात टीनाबाईंचा पुन्हा एक लेख आला. पाच कोटी घनमीटरची दरड एर्तोच्या लोकांच्या जिवावर उठलीय, असं त्या लिहीत होत्या. कंपनीच्या टेबलावर त्याच्या चौपट आकडा होता. जिला घबराट पसरवणारी म्हणून कोर्टात उभं केलं तिनं आकडा कमीच सांगितला होता.

आणि मग आला तो सगळ्यात घातक विचार. १९६० मध्ये पाणी चढवल्यावर डोंगर सरकला, उतरवल्यावर थांबला. १९६२ मध्ये पाणी ७०० मीटर पातळीपर्यंत चढवलं तेव्हा परत सरकू लागला, रोज सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. पाणी उतरवलं, परत थांबला. यावरून निष्कर्ष काढला की, खडक पहिल्यांदा भिजतो तेव्हाच सरकतो, एकदा भिजला की बसतो. म्हणजे पाणी हळूहळू वरखाली करत डोंगराला सावकाश खाली बसवता येईल. लगाम आपल्या हातात आहे. एका प्रयोगशाळेत तलावाची छोटी प्रतिकृती करून त्यात खडी ढकलून लाटाही मोजल्या. त्यात धरलेली दरड होती चार कोटी घनमीटरची. निष्कर्ष निघाला, ७०० मीटर पातळीपर्यंत धोका नाही.

यात पाऊस कुणी धरला नव्हता. डोंगराच्या माथ्यावर पडणारं पावसाचं आणि बर्फाचं पाणी चुनखडीच्या पोकळ्यांतून खोल उतरत होतं आणि चिकणमातीच्या थराखाली जाऊन अडकत होतं. वाटीखालच्या हवेसारखं. तलावाचं पाणी डोंगराचा पाय हलका करत होतं आणि पावसाचं पाणी त्याला खालून उचलत होतं. तलावाची पातळी त्यांच्या हातात होती. पाऊस नव्हता.

*

कार्लो सेमेन्झा १९६१ मध्ये वारले. विजेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मार्च १९६३ मध्ये धरण सरकारी वीज मंडळाकडं गेलं. तलाव तिसऱ्यांदा भरायला घेतला. सप्टेंबरच्या सुरुवातीला पातळी ७१० मीटर झाली. पाऊसही भरपूर झाला होता. डोंगर सरकू लागला. महिनाअखेरीस पाणी उतरवायला घेतलं. आधी दोनदा हेच केलं होतं आणि डोंगर थांबला होता. या वेळी तो थांबला नाही, वेग वाढतच गेला. तलाव खाली गेला, पण डोंगराच्या आतलं पाणी एवढ्या लवकर कुठून बाहेर पडणार? वर रस्ते फाटत होते, झाडं कलत होती. ८ ऑक्टोबरला उतारावरच्या लोकांना हलवायचा हुकूम निघाला. ९ तारखेला डोंगर दिवसाला वीस सेंटिमीटरच्या वेगानं चालत होता.

धरणाच्या खाली, पियावे नदीपलीकडच्या लोंगारोने गावाला कोणी काही सांगितलं नाही. त्या रात्री टीव्हीवर फुटबॉलचा मोठा सामना होता. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते, त्यामुळं आजूबाजूच्या वस्त्यांतले लोकही गावातल्या हॉटेलांत सामना बघायला उतरले होते.

९ ऑक्टोबर १९६३, रात्री १० वाजून ३९ मिनिटं. सत्तावीस कोटी घनमीटर डोंगर, दोन किलोमीटर लांबीचा, एकसंध, झाडा-कुरणांसकट सुटला आणि मिनिटभरातच तलावात येऊन बसला. तलावाची पातळी होती ७०० मीटरच्या जवळपास. तीच, प्रयोगशाळेनं बिनधोक ठरवलेली. पाण्याला जायला जागाच उरली नाही. लाट धरणाच्या माथ्यावरून शंभर मीटरपेक्षा उंच गेली आणि घळीतून खाली उतरली. लोंगारोने आणि शेजारच्या वस्त्या काही मिनिटांत पुसल्या गेल्या. एकूण सुमारे १,९०० ते २,००० माणसं मेली. कित्येकांची ओळखही पटली नाही.

दुसऱ्या दिवशी देशभरातले मोठे पत्रकार तिथं पोचले. दिनो बुझ्झातींसारख्या मोठ्या लेखकानंही लिहिलं की, हा निसर्गाचा घाव आहे, माणसाची चूक नाही. टीनाबाईंनी साडेचार वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं, ते मग लोकांनी शोधून वाचलं. खटले चालले. १९७१ मध्ये शेवटचा निकाल लागला तेव्हा फक्त दोघे दोषी ठरले. एका अभियंत्यानं तर खटला उभा राहण्याआधीच आत्महत्या केली होती. टीनाबाईंनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. त्याला प्रकाशक मिळून ते छापून यायला १९८३ साल उजाडलं.

आणखी एक. डोंगराखाली चिकणमातीचा थर होता का, यावर वीस वर्षं वाद चालला. मोठी मोठी माणसं नाही म्हणत होती. १९८५ मध्ये हेंड्रन आणि पॅटन या दोघांनी पुन्हा जाऊन दरडीची पातळी तपासली. माती सापडली, ठिकठिकाणी सापडली. त्यांनी पाऊस आणि तलावाची पातळी एकत्र मांडून बघितली, तेव्हा डोंगर कधी चालला आणि कधी थांबला, याचा मेळ लागला. आकडे सगळे १९६३ मध्येही होते. दोन वेगळ्या वह्यांत होते, एवढंच.

*

आता घरी येऊ.

आपला सह्याद्री चुनखडीचा नाही, काळ्या कातळाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक, बहुतेक आडवे. त्यामुळं मोंते टोकसारखा आख्खा डोंगर खुर्चीवरून घसरावा, अशी आपली रचना नाही. वायोंत म्हणजे आपलं गाव, असं मी म्हणत नाही. पण आपल्या थरांची स्वतःची तऱ्हा आहे. घट्ट काळा खडक, त्याच्या खाली मऊ मांजऱ्या, मध्येच लाल मातीचा पट्टा, परत काळा खडक. उतारावर या सगळ्यावर कुजलेला मुरूम आणि माती, कुठं दोन हात तर कुठं दोन पुरुष. पावसाचं पाणी काळ्या खडकाच्या फटींतून उतरतं, खाली त्याला घट्ट थर लागला की आडवं वाहतं आणि डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. विहीर खणणाऱ्या कोणालाही विचारा, पाणी कुठल्या थराला लागतं ते तो डोळे मिटून सांगेल.

आता आपल्या डोंगरातल्या वाड्या बघा कुठं बसल्यात. दोन कड्यांच्या मधल्या पट्टीवर, जिथं बारमाही झरा आहे तिथं. पूर्वजांनी जागा बरोबरच निवडली. पाण्याशिवाय डोंगरात राहणार कसं? पण ज्या पाण्यानं वाडी वसवली, तेच पाणी तीन-चार दिवस ढगफुटीसारखा पाऊस झाला की मुरमाच्या थराखाली साठतं आणि त्याला खालून उचलतं. नेहमीच्या झऱ्याची वाट त्याला पुरत नाही. परत तीच वाटी, तोच ओला ओटा.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं. दीडशेच्या वर माणसं. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. मग इर्शाळवाडी. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. यादी चुकते, हे यातून मी शिकलो. पाच वर्षांपूर्वी माझा समज होता की, यादीत नाव नाही म्हणजे बातमीही नाही.

तर आपल्या वाडीचा आकडा. २०२३ मध्ये परत गेलो तेव्हा गावकऱ्यांनी भेग चिकणमातीनं बुजवली होती. ते योग्यच केलं, पाणी आत जायला नको. पण बुजवल्यामुळं ती हलतेय का ते दिसेना. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना विचारलं. म्हणाले, भेगेच्या वर एक आणि खाली एक लोखंडी खुंटी ठोका, मधलं अंतर दर महिन्याला मोजा, आणि वाडीतल्या झऱ्याचं पाणी कसं आहे ते शेजारी लिहा. वाडीतली दोन शाळकरी पोरं ते काम करतात. वही त्यांच्याकडंच आहे.

पहिलं माप होतं ११२ सेंटिमीटर. गेल्या आठवड्यात ११९ भरलं. सात सेंटिमीटर. वही उघडली की दिसतं, सगळी वाढ आषाढ-श्रावणात आहे. दिवाळीनंतर आकडा जागचा हलत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या आजी मला म्हणाल्या, "थांबलाय बाबा आता." कार्यालयातले साहेबही हेच म्हणाले, "सध्या हालचाल नाही." वायोंतचं वाचलं नसतं तर मीही मान डोलावली असती. तिथं तो दोनदा थांबला होता.

सात सेंटिमीटर म्हणजे उद्या डोंगर येणार, असं मी सांगत नाही. सांगायची माझी पात्रता नाही. डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, खडकाचा नाही. कदाचित वरचा मातीचा थर नुसता बसत असेल. पण ते ठरवायला जाणकार माणूस पायी वर जायला हवा, आत किती खोल मुरूम आहे आणि पाणी कुठं साठतंय ते बघायला हवं. माझी मागणी एवढीच आहे. वहीच्या पानांच्या प्रती जोडून अर्ज दिलाय, पोच घेतलीय. वाडीचं नाव इथं लिहीत नाही, कारण लोकांनीच हात जोडून सांगितलं, नाव झालं तर पोरांची लग्नं जमत नाहीत. मला ते पटलं.

तुमच्यापैकी जे उतारावर, डोंगराच्या कुशीत राहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जमिनीला किंवा भिंतीला उताराला आडवी भेग पडली, दारं-खिडक्या अचानक घट्ट लागायला लागली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, नसलेल्या जागी झरा फुटला किंवा नेहमीचा झरा भर पावसात गढूळ झाला, आटला, तर त्याकडं दुर्लक्ष करू नका. आणि जोराच्या पावसात हे दिसलं तर सामान आवरत बसू नका, माणसं आणि जनावरं घेऊन बाजूला व्हा. दुसरी गोष्ट, आत्ताच दोन खुंट्या ठोका आणि मोजायला लागा. टेप शंभर रुपयांच्या आत मिळते. तारीख आणि पाऊस शेजारी लिहा. दोन्ही एकाच वहीत.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा आहे. मी येतोय, वही घेऊन दोन्ही पोरंही येतायत. ज्यांना जमेल त्यांनी या. २०१९ च्या त्या बातमीच्या चार ओळी मी अजून जपून ठेवल्यात. या वेळी चार ओळींवर थांबायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलंय.

पोस्ट फार लांबली, समजून घ्या. तुमच्या गावात, वाडीत अशी भेग असेल तर मला कळवा. नाव छापणार नाही, पण वर नक्की येईन.